दीड फूट कमी

१

खोलीत बाई एकटीच बोलत होती, आणि श्वास मात्र दोघींचे ऐकू येत होते.

पावतीबाईंनी हेडफोन काढले, चष्मा पदराने पुसला (चष्म्याचा आणि कानांचा काय संबंध, पण घाबरलेलं माणूस काहीतरी पुसतंच) आणि हेडफोन पुन्हा कानाला लावले. कुजबुजता आवाज मऊ मऊ सांगत होता, ‘...आणि मुलीनं पाचवं दार उघडलं...’ आणि त्या आवाजाच्या मागे, जरा खाली, आणखी कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

‘‘घरात मांजर आहे?’’ पावतीबाईंनी विचारलं.

‘‘नाही हो बाई.’’

‘‘पंखा?’’

‘‘बंद असतो.’’

समोर बसलेल्या बाईला सगळं जग ‘कुजबुज’ म्हणूनच ओळखायचं. तिच्या चॅनलचं तेच नाव. दर गुरुवारी ती एक गोष्ट कुजबुजत सांगायची, पडद्यावर नुसता एक दिवा जळत राहायचा, आणि लाखो माणसं ती ऐकत झोपी जायची. तिच्या स्वतःच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं होती. लोकांना झोपवणारी ही बाई तीन महिने धड झोपली नव्हती.

पावतीबाई करसल्लागार. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खालून दिवसभर इस्त्रीची वाफ. त्यांची सगळी गिऱ्हाइकं ही असली, व्हिडिओंवर जगणारी. कुणी जुनी घड्याळं उघडून दाखवतं, कुणी नुसते नवे खोके फोडतं. पैसा येतो, पण हिशेब कसा ठेवायचा याचा पत्ता नसतो. पिशवीभर कागद टेबलावर ओतून ही माणसं लहान पोरांसारखी बघत बसायची, आणि बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘पावती आहे का?’ त्यावरून हे नाव पडलं. बाईंना ते आवडायचं, पण तसं त्या दाखवायच्या नाहीत.

‘‘श्वासाचं बघू. तू आलीस कशाला ते आधी सांग. कर भरायला दहा दिवस उरलेत.’’

‘‘कराचे पैसे नाहीत.’’

पावतीबाईंनी तिची फाइल पुढे ओढली. दर कमाईतला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्या खात्याकडे वर्षभर ढुंकूनही बघायचं नाही, ही शिस्त त्यांनीच लावलेली. कुजबुजने ती इमानाने पाळली होती. नको तितक्या इमानाने. परवा खातं उघडलं तेव्हा तिला दिसलं की त्यातून अकरा महिन्यांत अकरा वेळा रक्कम गेली आहे. दर वेळी तेवढीच. अठरा हजार चारशे पन्नास.

‘‘बँक काय म्हणते?’’

‘‘माझ्याच फोनवरून, कार्डाशिवाय एटीएममधून रोख काढायचा कोड घेतलाय. माझाच पिन. अकराही वेळा गुरुवार, दुपारी दोन ते चारच्या मधे.’’

‘‘म्हणजे तुझ्या रेकॉर्डिंगची वेळ.’’

‘‘हो. फोनची थरथर माइकमध्ये येते म्हणून मी तो बाहेर बोळातल्या फळीवर ठेवते. म्हणजे एकतर कुणीतरी...’’ ती अडखळली. ‘‘नाहीतर मीच. अंधारात डोळे मिटून दोन तास बोलते मी. मधेच भान जातं. मीच उठून बाहेर गेले असेन. आणि तो दुसरा श्वास... तोही माझाच असेल. कुठल्यातरी दुसऱ्याच मीचा.’’

‘‘उगाच काहीतरी बरळू नकोस.’’

‘‘बरळत नाही. शुक्रवारी सही करतेय मी. चॅनल विकतेय, आवाजासकट. पुढे यंत्र माझ्या आवाजात बोलणार. आलेल्या पैशातून कर भरीन आणि कुठंतरी एकटी राहायला जाईन. घरी ताई आहे हो बाई! भान नसताना मी पैसे काढू शकते, तर ताईला काय करीन?’’ तिचे डोळे भरून आले. ‘‘शुक्रवारच्या आत मला एवढंच सांगा. ती मी आहे, की दुसरं कुणी?’’

पावतीबाईंनी तिला पाण्याचा पेला दिला. कुजबुज दाराशी गेली आणि वळली.

‘‘एक राहिलंच. त्या श्वासाचं. गोष्टीत भीतीची जागा आली की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो ना? हा अडकतो भीतीची जागा यायच्या आधीच.’’

२

मंगळवारची सगळी दुपार पावतीबाईंनी कुजबुजची फाइल चाळण्यात घालवली. माइक, दिवे, संकलकाची फी, सगळं पावतीनिशी. ताईच्या नावे पगार, ‘लेखनसाहाय्य’ म्हणून, महिना वीस हजार पाचशे, गेली तीन वर्षं. त्यातला दहावा हिस्सा नियमाप्रमाणे कापून सरकारात जमा. घरातल्या माणसाला पगार दाखवला की आपला कर थोडा कमी होतो. नियमात बसतं ते, माणूस खरंच काम करत असेल आणि त्याला खरंच पैसे मिळत असतील तर. शेवटी घरभाड्याची ओळ. रेकॉर्डिंगची खोली बारा बाय दहा, म्हणून भाड्याचा तेवढा वाटा धंद्याचा खर्च.

अठरा हजार चारशे पन्नास हा आकडा मात्र बाईंच्या डोक्यात सारखा टोचत होता. कुठेतरी बघितलाय. कुठे? छे! दिवसाला शंभर आकडे बघणाऱ्या बाईला एक आकडा आठवायचा म्हणजे कठीण काम.

बुधवारी त्या मोजपट्टी घेऊन कुजबुजच्या घरी गेल्या. दर वर्षी खोली मोजायला हवी, हे निमित्त खरंच होतं. आजवर आळसाने मोजली नव्हती, हेही तितकंच खरं.

दार ताईने उघडलं. बिजागरी वाजली नाही, कडी वाजली नाही. पन्नाशीची, किरकोळ अंगाची बाई. नवरा गेल्यापासून सहा वर्षं धाकट्या बहिणीकडेच राहायची. तिने चहा आणून ठेवला तो इतक्या अलगद, की पावतीबाईंना कप दिसला तेव्हाच कळलं. मग त्यांनी घर नीट न्याहाळलं. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे. डबे सगळे प्लॅस्टिकचे, चमचे लाकडी. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं, धार पडली तरी आवाज होऊ नये म्हणून. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून ठेवलेले. इतकं मुकं घर बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू आला आणि अंगावर काटा आला.

‘‘सवय झाली का हो ताई याची?’’

‘‘होते.’’ ताई हसली. ती बोलायचीही हळूच. ‘‘रेकॉर्डिंग दोन ते चार, पण त्याआधी तालीम असते, नंतर तिचं डोकं दुखतं.’’

‘‘मग दोन ते चार तुम्ही काय करता?’’

‘‘चालायचं नाही, भांडं हलवायचं नाही. काय करणार? बसते कुठंतरी. बरं वाटलं तर बाजारात जाते.’’

‘‘बहिणीची तब्येत कशी वाटते?’’

ताईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. ‘‘मला काही सांगत नाही ती. पैशाचं काहीतरी झालंय एवढं कळलं. जेवत नाही. ते चॅनल विकायचं म्हणते. का विकायचं ते तुम्हाला ठाऊक आहे का हो?’’

पावतीबाईंनी नुसतीच मान हलवली. गिऱ्हाइकाचं गुपित गिऱ्हाइकाच्या बहिणीलाही सांगायचं नसतं.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे नुसता अंधार. चारही भिंतींना करडा फोम, मधे एक खुर्ची, एक माइक. दार लावलं की कान दडपल्यासारखे होत. कुजबुजने पट्टीचं एक टोक धरलं, बाईंनी दुसरं. रुंदी बरोबर दहा फूट. लांबी...

‘‘नीट धर गं.’’

‘‘नीटच धरलीय.’’

बाईंनी तीनदा मोजलं. साडेदहा. घरमालकाच्या नकाशात बारा, भाडं बाराचं, तीन वर्षं सरकारला सांगितलेले बारा, आणि खोली भरत होती साडेदहा.

‘‘ती भिंत दुहेरी केलीय ना,’’ कुजबुज म्हणाली. ‘‘आवाज जाऊ नये म्हणून मधे हवा ठेवतात. मी तेव्हा बाहेरगावी होते. ताईनेच सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलं.’’

‘‘हवा किती ठेवतात?’’

‘‘असेल चार बोटं.’’

पावतीबाईंनी फोमवर कान टेकवला आणि बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. आत बरीच मोठी पोकळी होती. चार बोटांत हवा मावते. दीड फुटात माणूस मावतं.

३

उरलेला बुधवार त्यांनी माणसांना दिला.

संकलकाला सगळे कात्री म्हणायचे. दाढीत पांढरे केस, डोळे कायम लाल. दोन वर्षं तो कुजबुजचं काम करत होता. त्याने आपल्या पडद्यावर आवाजाची लाट दाखवली. मोठ्या डोंगरांच्या पायथ्याशी एक छोटी, शांत लाट.

‘‘हा दुसरा श्वास. वर्षभर तरी आहे. आधी अधूनमधून होता, आता दर गुरुवारी.’’

‘‘मग काढून का टाकला नाहीस?’’

कात्रीने कान खाजवला. ‘‘एकदा काढला होता बाई. लोकांनी शिव्या घातल्या. हे बघा ना.’’

त्याने व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. ‘तुझ्यामागे कोण बसलंय? तिला जाऊ देऊ नकोस.’ आणखी एकाने लिहिलं होतं, ‘मी बारा वर्षं एकटा राहतो. तो दुसरा श्वास ऐकला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं.’ पावतीबाईंनी खुर्ची जरा मागे सरकवली.

‘‘फोन बोळात असतो, तू गुरुवारी दिवाणखान्यात असतोस. तिच्या खात्यातले पैसे तू काढलेस का?’’ कुजबुजने परवानगी दिली होती, त्यामुळे बाईंनी आडवळण घेतलंच नाही.

‘‘मी? पिन मला कुठला ठाऊक! आणि मला केबलीशी चिकटून बसावं लागतं बाई, जागचं उठता येत नाही. चॅनलचा सौदा जमवणाऱ्या त्या दलालाला विचारा की. गोड गोड बोलून घर गिळायला बसलाय.’’

‘‘एक सांग. गोष्ट तुला आधी वाचायला मिळते का?’’

‘‘कुणालाच नाही. लिहिलेलीच नसते ती. बोलते तेव्हाच पहिल्यांदा कळते.’’

दलाल संध्याकाळी कुजबुजच्या दारातच भेटला. गुळगुळीत दाढी, काखेत कराराची जाड फाइल. ‘‘मॅडमना विश्रांतीची फार गरज आहे हो,’’ तो इतक्या कळवळून म्हणाला की बाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण या घरात त्याने पाऊल ठेवून चारच महिने झाले होते. पैसे अकरा महिने जात होते. माणूस आवडत नाही म्हणून त्याला चोर ठरवता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी त्या ऑफिसात दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या नोकराची पगारपावती करत बसल्या होत्या. पगार पंधरा हजार. वजा दहावा हिस्सा, दीड हजार. हातात पडणारी रक्कम, साडेतेरा हजार.

बाईंचं पेन तिथेच थांबलं. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात घाईघाईने एक वजाबाकी केली, उत्तराकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

‘‘अरे देवा,’’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘‘यात तर माझाही हात आहे.’’

४

दुपारी पावणेदोनला त्या कुजबुजच्या घरी पोचल्या तेव्हा दलाल सोफ्यावर होता, कात्री जमिनीवर केबलींच्या जाळ्यात. ताई बाजारात गेली होती, पिशवी घेऊन, दहा मिनिटांपूर्वी.

‘‘जाताना पाहिलीस?’’

‘‘दार लागलेलं पाहिलं,’’ कात्री म्हणाला. ‘‘आवाज कुठला येतोय या घरात!’’

बाईंनी कुजबुजला बाजूला घेतलं. ‘‘आज गोष्ट कुठली?’’

‘‘सात दारांचीच. पुरती सांग म्हणून लोक मागे लागलेत.’’

‘‘शेवट काय तिचा?’’

‘‘मुलगी एकेक दार उघडत जाते. सातव्या दाराआड तिची झोप बसलेली असते, पाठमोरी, केस विंचरत. ती मुलीला मांडीवर घेते.’’

‘‘ही गोष्ट तुला कुठून मिळाली?’’

‘‘कुठून म्हणजे? लहानपणापासून येते मला.’’

‘‘आज शेवट बदल. सातव्या दाराआड कुणीच नव्हतं म्हण.’’

कुजबुजचा चेहरा पांढरा पडला. ‘‘का?’’

‘‘माझ्यासाठी. आणि म्हटलंस की गप्प राहायचं, मी येईपर्यंत.’’

तिने फोन बोळातल्या फळीवर ठेवला, आत गेली, दार लावून घेतलं. दोन वाजले. घर आणखी मुकं झालं. दलालाने खोकला दाबला. पावतीबाई कात्रीशेजारी मांडी घालून बसल्या आणि दोघांनी हेडफोनचा एकेक कान वाटून घेतला.

‘एक मुलगी होती. तिला झोप येत नव्हती...’

थोडा वेळ एकच श्वास होता. मग तो आला. आधी नुसतं काहीतरी सरकल्याचा भास. मग सावकाश, सुखाचा श्वास, दमून बसलेल्या माणसाने घ्यावा तसा. कात्रीने बाईंकडे बघितलं. दोघांच्याही हातांवर केस उभे राहिले होते. तिसऱ्या दाराआड पाणी होतं. तिथे कुजबुज पोचायच्या आधीच तो श्वास आत ओढला गेला आणि थबकला.

बाईंनी हळूच मान वळवून बोळाकडे पाहिलं. फळी रिकामी होती. फोन गेला होता.

त्यांच्या मनात आलं, आत्ताच उठावं आणि पकडावं. पण नुसतं पकडून कुजबुजचा प्रश्न सुटत नव्हता. तिला स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं. त्या ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या.

‘...आणि मुलीनं सातव्या दाराला हात लावला.’ कुजबुजचा आवाज कापत होता. ‘दार उघडलं. आत... आत कुणीच नव्हतं.’

दोन्ही श्वास थांबले.

बाई मनात आकडे मोजत होत्या. चारपर्यंत पोचल्या असतील नसतील, तेवढ्यात अगदी जवळून, भिंतीच्या आतून, हेडफोनशिवायही ऐकू यावा असा दुसरा एक आवाज कुजबुजला. तसाच मऊ, तसाच सावकाश, फक्त जरा म्हातारा.

‘असतं गं. असतं तिथं.’

५

दलाल ओरडून उठला आणि फाइल खाली पडली. तीन वर्षांत त्या घरात झालेला तो पहिला मोठा आवाज. पावतीबाई मात्र तडक बोळात गेल्या. फळीखाली भिंतीत एक कपाट होतं, गाद्या-रजयांचं. त्यांनी दार उघडलं, दोन रजया बाजूला केल्या. कपाटाची मागची फळी दारासारखी उघडी होती, आणि तिच्या पलीकडच्या दीड फुटाच्या फटीत, गादीच्या घडीवर गुडघे पोटाशी घेऊन, ताई बसली होती. मांडीवर फोन. डोळ्यांत पाणी.

‘‘चुकीचं सांगत होती ती,’’ ताई म्हणाली. ‘‘म्हणून बोलले.’’

कुजबुज धावत आली आणि जागीच थिजली. ‘‘ताई? तू? तू मला वेडी ठरवायला निघालीस?’’

‘‘वेडी? कोण म्हणालं वेडी?’’ ताईला खरंच काही कळत नव्हतं.

‘‘तिला काय ठाऊक गं,’’ पावतीबाई म्हणाल्या. ‘‘श्वास रेकॉर्ड होतो हे तिला कुणी सांगितलं? तू तिच्यापासून लपवलंस, ती घाबरेल म्हणून. कधी हेडफोन दिलेस तिच्या कानाला? चल, सगळे इथेच बसा. ताई, तुम्ही बाहेर या आधी. अवघडला असाल.’’

सगळे बोळातच खाली बसले. पावतीबाई बोलू लागल्या, आणि या घरात पहिल्यांदाच कुणीतरी खणखणीत आवाजात बोललं.

‘‘श्वास भीतीच्या आधी अडकायचा. म्हणजे ऐकणाऱ्याला गोष्ट पाठ होती. कात्रीला गोष्ट आधी कळत नाही, या साहेबांना तर नंतरही कळत नसेल. तू म्हणतेस, लहानपणापासून येते. लहानपणी गोष्टी आपोआप येत नाहीत बाळा. कुणीतरी रात्र रात्र उशाशी बसून सांगतं.’’

कुजबुजने ताईकडे बघितलं नाही.

‘‘खोली दीड फूट कमी भरली. सुताराकडून काम करून घेतलं ताईंनी. गाद्या ठेवायला जागा ठेवली, बरोबर ना? तुला ठाऊक नाही, कारण तू या घरात कधी रजई घडी करून ठेवली नाहीस. आता पैसे. अठरा हजार चारशे पन्नास. चोराने गोल आकडा का नाही काढला? वीस हजार का नाही? सगळं खातं का नाही? मला आज सकाळी उलगडलं. वीस हजार पाचशे वजा दहावा हिस्सा. कापलेला कर आधीच सरकारात गेलाय म्हणून तेवढा सोडून, नेमका हातात पडणारा पगार. कर वजा करून चोरी करणारा चोर मी आजवर पाहिला नव्हता.’’

‘‘पण तो पगार... तो तर...’’

‘‘कागदावरचा. बोल ना.’’

कुजबुजने मान खाली घातली.

ताईने पदराने डोळे पुसले. तिचा आवाज चढला नाही. तो चढवायचं ती विसरूनच गेली होती.

‘‘दर वर्षी बारा कागद आणायची. ‘ताई, सही कर गं इथे.’ मी करायची. मग मागल्या वर्षी सरकारातून पत्र आलं. हे गेल्यापासून मला भत्ता मिळायचा ना, एवढासाच, पण माझा. लिहिलं होतं, तुम्हाला पगार आहे असं दिसतं, तेव्हा भत्ता बंद. मी म्हटलं, मला पगार आहे? मग कागद काढून वाचले. लेखनसाहाय्य म्हणे.’’ ती एवढंसं हसली. ‘‘चप्पल घ्यायची तर तुझ्याकडे पैसे मागावे लागले. तू म्हणालीस, मागच्या महिन्यात तर घेतलेस. त्या गुरुवारी इथं बसले होते. तू आत माझीच गोष्ट सांगत होतीस. माझ्याच आवाजात. आईला कामावरून यायला रात्र व्हायची, तुला भीती वाटायची, तेव्हा मी रचलेली. हातात तुझा फोन होता. पिन तू घोकत होतीस स्वयंपाकघरात. मी म्हटलं, माझं तेवढं मी घेते.’’

‘‘मागायचे होतेस की गं!’’

‘‘कधी मागू? दोन ते चार बोलायचं नाही. चारनंतर तुझं डोकं दुखतं.’’

कात्री केबल गुंडाळायला लागला, उगाचच.

‘‘आणि इथं का बसायचीस?’’ कुजबुजने विचारलं. आता ती रडत होती.

‘‘मग कुठं बसू? खुर्ची सरकते, पलंग करकरतो. बाजार काय रोज रोज करायचा? आजही पिशवी घेऊन निघाले आणि दारातूनच परत फिरले. इथं मऊ आहे. आणि तुझा आवाज येतो. माझ्याशी कुठं तू त्या आवाजात बोलतेस?’’

दलालाने या अवघड जागी घसा खाकरला. ‘‘म्हणजे, मॅडम, उद्याच्या सहीचं...’’

‘‘सही नाही,’’ कुजबुज म्हणाली.

‘‘अहो, पण ठरलेलं...’’

‘‘ऐकू आलं नाही का?’’ ती ओरडली, अगदी घसा फोडून. ‘‘माझ्या गोष्टी नाहीत त्या! ज्या माझ्या नाहीत त्या मी विकू कशा?’’

६

दलाल गेला. त्यानंतर पावतीबाईंनी फाइल उघडली.

‘‘आता माझं ऐका. तीन वर्षं मी एकेका माइकच्या वायरची पावती मागत बसले, आणि या एका ओळीवर पैसे खरंच पोचले का ते विचारलं नाही. ताईंचा भत्ता माझ्या पेनाने बंद झालाय. त्याची लाज मला वाटतेच आहे. पण सरकारला मला एकच उत्तर द्यायचंय. हा पगार खरा होता की खोटा? खोटा असेल तर दंड भर, मी तसं लिहिते. खरा असेल तर काम दाखव आणि राहिलेले पैसे दे.’’

कुजबुजने कपाटाबाहेर पडलेली एक रजई उचलली आणि घडी करायला घेतली.

‘‘मी थाप मारली होती,’’ ती म्हणाली. ‘‘कर वाचवायला. लेखनसाहाय्य हा शब्दसुद्धा मी सहज ठोकून दिला. आणि बाई, ती थाप खरीच निघाली हो. एकूण एक गोष्ट तिची आहे.’’

छत्तीस महिन्यांतले अकरा चुकते झाले होते. पंचवीस उरले. ते आणि रिकामं झालेलं कराचं खातं मिळून कुजबुजला चांगलाच खड्डा पडला. तिने महागडा माइक विकला, कराचे हप्ते बांधून घेतले, खोलीचं भाडं साडेदहा फुटांच्या हिशेबाने पुन्हा लिहिलं. पावतीबाईंनी त्या वर्षी तिच्याकडून फी घेतली नाही.

ताई मात्र राहिली नाही. अकरा महिन्यांच्या पैशांतून तिने दोन गल्ल्या सोडून एक खोली आधीच ठरवून ठेवली होती, पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या कारखान्याच्या वर. महिन्याभराने पावतीबाई तिचं स्वतःचं विवरणपत्र घेऊन तिथे गेल्या तेव्हा खाली ठणाठण चालू होती, नळ भळाभळा वाहत होता, आणि ताई स्टीलची भांडी घासून एकमेकांवर आपटत होती.

‘‘बसा!’’ ती ओरडली. ‘‘मोठ्याने बोला हं, इथं ऐकू येत नाही!’’

तिने विवरणपत्राची ओळ न् ओळ वाचली. व्यवसायाच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. तिथे पावतीबाईंनी काहीच लिहिलं नव्हतं.

‘‘काय लिहू?’’ ताईने विचारलं.

‘‘तुम्ही सांगाल ते.’’

ताईने पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘गोष्टी रचते.’ मग खाली सही केली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कुजबुज दारात उभी होती, हातात पाकीट, डोळ्यांखालची वर्तुळं तशीच. भिंतीतला श्वास गेल्यापासून लोक रोज विचारत होते, ती कुठे गेली. तिने पाकीट ठेवलं. ताईने नोटा मोजल्या, पावती केली, बहिणीच्या हातात दिली. कुजबुजने पावतीची घडी घातली, पण ती गेली नाही.

‘‘ताई,’’ शेवटी कुजबुज म्हणाली, ‘‘एक गोष्ट सांग ना.’’

‘‘रेकॉर्ड करायला?’’

‘‘नाही. मला झोप येत नाही गं.’’

ताईने हात पुसले, पलंगावरचे कपडे बाजूला सारले आणि म्हणाली, ‘‘ये.’’ पावतीबाईंनी आपले कागद गोळा केले आणि त्या जिना उतरल्या. खाली पेट्या ठोकणं चालूच होतं. वरून ताई मोठमोठ्याने गोष्ट सांगत होती, आणि अर्ध्या जिन्यापर्यंत त्यांना ती ऐकू येत राहिली.